मेस्त्री, प्लग लावू का?

दोन अंकांपूर्वी टीव्हीच्या पिक्चर ट्यूबवर लिहिताना मी जाता जाता एक ओळ टाकली होती, की १९९१ ते २००३ पर्यंत मी कोल्हापुरातल्या पार्लरांची गेमची मशिनं दुरुस्त करायचो. त्या एका ओळीवर टपालानं आणि फोनवर जेवढे प्रश्न आले, तेवढे मिक्सर आणि कूलरवर वर्षभरात आले नाहीत. त्यामुळं गळणारे फ्रीज आणि कुरकुरणारे पंखे या महिन्यात बाजूला. नावं कुणाचीच छापत नाही. निम्म्या लोकांनी घरी न विचारता गेमची पेटी आणलीय.

शाहूपुरीतून एक वाचक : मेस्त्री काका, मामांच्या गोडाऊनमध्ये ताडपत्रीखाली गेमचं मशीन सापडलं. २०१९ च्या पुरात तिथं गुडघ्याएवढं पाणी होतं. मागं वायर शाबूत आहे, प्लग आहे. एकदा लावून बघू का? मामा म्हणतात, भंगारात घाल, आठशे रुपये येतील.

नाही, लावू नका. तुम्ही पत्र पाठवून उत्तराची वाट बघताय, म्हणजे अजून लावला नसेल अशी आशा धरतो.

असं मशीन माझ्याकडं आलं की मी पहिलं काम काय करायचो, तर पक्कडीनं प्लग छाटून खिशात टाकायचो. मालक ओरडायचे. पण घरातलं पोरगं, शेजारचा भाऊ, खुद्द मालक, 'एकदा लावून तर बघू' हा मोह कुणालाच आवरत नाही. पुरानं मारलेली मशिनं मी कमी बघितलीत. पूर ओसरल्यावर माणसानं हौसेनं मारलेली जास्त.

हे शहाणपण मी स्वतःच्या खर्चानं घेतलंय. १९९६ च्या पावसाळ्यात राजारामपुरीतल्या एका पार्लरात कौलातून गळून 'मुस्तफा'चं मशीन भिजलं. (नव्या पोरांसाठी: कॅपकॉमच्या १९९३ च्या या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. त्यात निवडायला चार जण, पैकी एक मुस्तफा. आपल्या पोरांनी गेमचं नावच मुस्तफा करून टाकलं.) आठवडाभर ऊन दाखवलं. मालक म्हणाले, "वाळलंय की रे, लाव." लावलं. पॉवर सप्लायमधला एक कंडेन्सर आतून सुकला होता, त्यामुळं पाच व्होल्टच्या जागी साडेसात गेले. धूर नाही, आवाज नाही. पडद्यावर रंगीत चौकड्या आल्या आणि त्या कायमच्याच. मालकांनी चार महिने माझ्या बिलातून पैसे कापले. त्यांचं बरोबर होतं असं आता वाटतं. तेव्हा नव्हतं वाटलं.

तर तुमच्या पेटीकडं येऊ. गुडघ्याएवढं म्हणजे दीड ते दोन फूट. मी हाताळलेल्या बहुतेक पेट्यांत तळाला पॉवर सप्लाय, मधल्या फळीवर गेमचं किट (म्हणजे ज्यात गेम असतो तो बोर्ड) आणि वर पिक्चर ट्यूब, अशी मांडणी असायची. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही पंचगंगेची धोक्याची पातळी. त्या ऑगस्टात पाणी तिच्या किती वर गेलं ते तुम्ही शाहूपुरीकर मला सांगाल. एवढ्या पुरात तुमच्या पेटीचे नुसते पाय भिजले आणि ट्यूब, किट कोरडं राहिलं. नशीब आहे तिचं, ते प्लग लावून घालवू नका.

मागची फळी उघडायच्या आधी एक जुना टीव्ही मेकॅनिक शोधा. साठीचा असेल, आता मोबाईलची कव्हरं विकत असेल, पण हात विसरलेला नसतो. रंगीत ट्यूबला चालू असताना वीस ते पंचवीस हजार व्होल्ट लागतात, आणि बंद केल्यावरही तिची काच कंडेन्सरसारखी भार धरून बसते. इतकी वर्षं बंद असलेल्या ट्यूबमध्ये बहुधा काही उरलेलं नसतं. 'बहुधा'त हात घालायचा नाही. तो मेकॅनिक काय करतो ते लांबून बघा. लांब दांड्याच्या स्क्रूड्रायव्हरला एक तार बांधेल, तारेचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरून गेलेल्या उघड्या वेणीच्या तारेला लावेल, डावा हात खिशात घालेल आणि पातं रबरी टोपीखाली सरकवेल. 'टक्' झालं तर झालं. थोडं थांबून पुन्हा एकदा करेल, कारण काच दडवलेला थोडा भार मागाहून सोडते. मग मेन फिल्टरचा मोठा कंडेन्सर. घरातले २३० व्होल्ट सरळ होऊन तिथं सव्वातीनशेच्या आसपास जातात, तो मोकळा करेल. यातलं काहीही तुम्ही स्वतः करायचं नाही. तुमच्याकडं काम दुसरं आहे: मोबाईलवर प्रत्येक तारेचा फोटो काढा. पन्नास काढा. पुढं शिव्या द्यायची वेळ आली की हेच फोटो वाचवतात.

पॉवर सप्लाय फेकून द्या. हो, सरळ. लोक मला विचारतात, मूळचं सगळं जपायला नको का? सप्लाय ही काही आजीची नथ नव्हे. ५ आणि १२ व्होल्टचा नवा घ्या. काही जुन्या किटांना उणे ५ सुद्धा लागतो, तोही देणारा मिळाला तर उत्तम.

गाळाचं मात्र मनावर घ्या. पंचगंगेचा गाळ वाळला की पिठासारखा होतो आणि कनेक्टरच्या खाचेत जाऊन सिमेंटसारखा बसतो. दात घासायचा जुना ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि एक रविवार. फुगलेला प्लाय खाली बसेल म्हणून त्यावर दगड ठेवू नका, पापुद्रे सुटलेला कमर्शियल प्लाय परत बसत नाही. सुताराकडून खालचे सहा-आठ इंच सरळ रेषेत कापून काढा, तेवढीच मरीन प्लायची पट्टी (आयएस ७१० चा शिक्का बघून) आतून जाड आधार देऊन जोडा. सनमायकाचा जोड दिसेल. दिसू दे की. पूर येऊन गेलाय हे लपवायचं कशाला?

आता वीज. आम्ही जुने मेकॅनिक सिरीजच्या बल्बशिवाय काही चालू करत नाही. मेनच्या एका तारेत १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब घालायचा. एलईडी नव्हे, तो इथं बिनकामाचा. ट्यूबचा भाग चालू केल्यावर बल्ब क्षणभर भडकून मंद झाला तर ठीक. भडकलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि जो करंट पेटी जाळणार होता तो बल्बनं अडवलाय. सप्लायचे पाच व्होल्ट आधी किट न जोडता मोजा, मग किट जोडून, किटच्या कडेवर मीटर लावून पुन्हा मोजा. ४.७५ च्या खाली गेले की गेम मध्येच बंद पडून पहिल्यापासून सुरू होतो आणि लोक किटला दोष देतात. दोष असतो तिथवर आलेल्या गंजक्या तारेचा.

आणि मामांना सांगा, आठशे रुपयांत ते काय विकतायत ते. मी बघितलंय: भंगाराच्या दुकानामागं ट्यूबची मान मोडतात, योकमधलं, म्हणजे मानेवरच्या वेटोळ्यातलं, तांबं काढून घेतात आणि शिसं असलेली काच ओढ्याकडेला ढकलतात.

गडहिंग्लज : गेमचा आवाज व्यवस्थित येतो, पण पडद्यावर मधोमध फक्त एक झगझगीत आडवी रेघ. ट्यूब गेली का?

ट्यूब गेली नाही, ट्यूब उत्तम आहे! रेघ दिसतेय म्हणजे उजेड आहे, पडद्यावर चित्र काढणाऱ्या ठिपक्याची आडवी धाव चालू आहे. उभी धाव तेवढी बंद पडलीय. आधी ब्राइटनेस अगदी कमी करा, नाहीतर ती रेघ पडद्याच्या लेपावर कायमची भाजून बसेल. मग मेकॅनिकला व्हर्टिकलच्या, म्हणजे उभ्या धावेच्या, आयसीचे पाय भिंगाखाली बघायला सांगा. ती आयसी तापते, पत्र्याला बांधलेली असते, वर्षानुवर्षं तापून-निवून तिच्या पायांची सोल्डर तडकते. पायाभोवती बारीक काळं कडं दिसलं की तोच ड्राय सोल्डर. पुन्हा सोल्डर मारा. दहात सहा वेळा तेवढंच असायचं. उरलेल्या चारात शेजारचा कंडेन्सर, आणि मग आयसी.

इचलकरंजी : आमच्या मशीनमध्ये रुपया टाकला की खालून परत येतो. कॉइनची पेटी बदलावी लागेल का?

पेटीचं काही बिघडलेलं नाही. रुपया लहान झालाय. तुमची कॉइनची पेटी १९९२ पासूनच्या स्टीलच्या रुपयासाठी लावलेली असणार, तो २५ मिलिमीटरचा. २०११ मध्ये आलेला रुपया २२ मिलिमीटरचा. त्याला ती बनावट समजून परत पाठवते, म्हणजे काम चोख करतेय. देवघरातल्या डब्यात जुने रुपये निघतील. वीस-पंचवीस पुरतात, मशीन तुमचंच आहे, तेच पुन्हा काढून वापरायचे.

या पेट्यांनी काय काय गिळलंय ते सांगितलं तर अंक संपेल. उद्यमनगरच्या कारखान्यांजवळच्या एका पार्लरात रात्री गल्ला उघडला की निम्मे वॉशर निघायचे. पत्र्यातून बरोबर रुपयाच्या मापाचे पाडलेले, कडा सुद्धा घासलेल्या! बाप दिवसभर प्रेसवर, पोरगं संध्याकाळी पार्लरात. मालक चिडायचे आणि मी मनातल्या मनात त्या पोराच्या मापाला दाद द्यायचो. दोरा बांधलेला रुपया ही जुनी गोष्ट. गॅसच्या शेगडीचा लायटर कॉइनच्या फटीजवळ 'टिक टिक' करून फुकट क्रेडिट घेणारी पोरंही होती. तेवढं मात्र घरच्या पोरांना करू देऊ नका. त्या ठिणगीनं क्रेडिट मिळतं तसं किटही मरतं.

पुण्याहून, मूळचा रंकाळ्याजवळचा : काका, आजोळची पेटी आणलीय. ट्यूब काढून एलसीडी आणि हजार गेमवाला तयार बोर्ड टाकायचा विचार आहे. वजन कमी होईल, कटकट नाही. तुमचं मत?

माझं मत तुम्हाला आवडणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे, नाहीतर मला कशाला विचारलं असतं?

ट्यूबची मान मोडलेली असेल, किंवा ती इतकी वीक झाली असेल की चेहरे चिखलासारखे दिसतात, तर खुशाल एलसीडी टाका. पण चालणारी ट्यूब काढून टाकण्याआधी एवढं ऐका. ही जुनी किटं सेकंदाला साधारण पंधरा हजार सातशे आडव्या रेघा सोडतात, घरातल्या जुन्या टीव्हीइतक्याच. 'मुस्तफा'चं चित्र म्हणजे ३८४ बाय २२४ ठिपके. ट्यूबवर दोन रेघांच्या मध्ये काळी फट राहते आणि ठिपके एकमेकांत विरघळतात. चित्र काढणाऱ्यांनी ते विरघळणं गृहीत धरूनच काढलेलं होतं. तेच एलसीडीवर ताणलं की लादी बसवलेल्या भिंतीसारखं दिसतं. शिवाय मध्ये कन्व्हर्टर लागतो, आणि स्वस्तातला असला की बटण दाबल्यावर ठोसा जरासा उशिरा पडतो. जो कधी पार्लरात खेळला नाही त्याला कळणारही नाही. तुम्हाला कळेल.

ट्यूब खरंच गेली असेल तर आधी माळ्यावरचा २०-२१ इंची रंगीत टीव्ही शोधा. आमच्याकडच्या बऱ्याच पेट्यांत नाहीतरी टीव्हीचंच किट आरजीबी (लाल, हिरवा, निळा असे वेगवेगळे सिग्नल) देऊन बसवलेलं असायचं. मात्र त्याच्यामागं आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे त्याला मेनपासून वेगळं ठेवणारा, आहे की नाही बघा. पुष्कळ टीव्हींचं चॅसी (आतला बोर्ड आणि सांगाडा) थेट मेनशी जोडलेलं असतं. टीव्ही प्लास्टिकच्या डब्यात झाकलेला असतो म्हणून चालतं. गेमच्या पेटीत तेच चॅसी किटच्या ग्राउंडला जोडलं की कॉइनच्या दारापर्यंत करंट येतो.

हजार गेमच्या बोर्डाशी माझं भांडण नाही. १९९७ साली निकोला साल्मोरिया या इटालियन माणसानं जुने गेम कॉम्प्युटरवर चालवणारा 'मेम' नावाचा प्रोग्रॅम काढला, जुनी किटं मरायला लागली होती म्हणून, आणि त्यामुळं कितीतरी गेम वाचले. फक्त वायरिंग कापू नका. तुमच्या पेटीत ५६ पिनांचा लांब कनेक्टर असेल, एका बाजूला २८ आणि दुसऱ्या बाजूला २८. त्याला जामा म्हणतात. १९८५ च्या सुमारास जपानच्या मशीन बनवणाऱ्यांच्या संघटनेनं ठरवलं की सगळ्यांनी एकच जोडणी वापरायची. तेव्हापासून पार्लरवाल्याला पेटी न बदलता नुसतं किट बदलता येऊ लागलं. तयार बोर्डही बहुतेक त्याच कनेक्टरवर बसतात. म्हणजे आज हजार गेम लावा, उद्या मन बदललं तर खरं किट लावा. एवढंच बघा की सात नंबरच्या जागी आडवी पट्टी शाबूत आहे. ती निघाली की कनेक्टर उलटा बसतो आणि १२ व्होल्ट बटणाच्या तारेवरून आत शिरतात. मी दोन किटं अशी जाताना बघितलीत. दोन्ही वेळा लावणारा म्हणाला, "बसलं की व्यवस्थित."

कागल : जॉयस्टिक ढिली झालीय, उजवीकडं जातच नाही. पार्ट कुठं मिळेल?

उजवीकडंच का, याचा विचार केलात? 'मुस्तफा' घ्या, 'मेटल स्लग' घ्या, माणूस आयुष्यभर उजवीकडंच चालत असतो. त्यामुळं खालच्या चार मायक्रोस्विचांतला उजवा आधी जातो, तोही पहिल्या खेळाडूचा. आजच्या आज खेळायचं असेल तर उजव्या आणि डाव्या स्विचची अदलाबदल करा. नवा मायक्रोस्विच इलेक्ट्रॉनिकच्या कुठल्याही दुकानात मिळतो, फक्त पत्तीची लांबी जुळवून घ्या.

ढिलेपणा हा वेगळा रोग. दांडी जिथं टेकते ते नायलॉनचं बुश झिजून अंडाकृती झालेलं असतं. जुन्या जॉयस्टिकचं बुश तयार मिळत नाही. तुम्ही कागलचे, शिवाजी उद्यमनगर अर्ध्या तासावर. जुनं बुश खिशात घाला आणि एखाद्या लहान लेथवाल्याकडं जा. ड्रॉइंग-बिइंग नको, नमुना हातात द्या. एक नग म्हटलं की तो नाक मुरडेल, म्हणून चार सांगा. डेलरिन नावाच्या कडक प्लास्टिकच्या रॉडमधून करायला सांगा, नायलॉनपेक्षा कमी झिजतो आणि आमच्या पावसाळ्यात फुगत नाही. या गावात बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये सिनेमाचा कॅमेरा घडवला, परदेशातून न मागवता. त्यांचं मूळ आडनाव मेस्त्री, त्यामुळं मला हा दाखला द्यायला जरा जास्तच आवडतं. कॅमेरा होऊ शकतो तर तुमचं बुश होणार नाही काय?

जयसिंगपूरची एक विद्यार्थिनी : सर, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून दोन जुनी किटं घेतली. दोन्हींवर छोटी बॅटरी आहे. जुनी बॅटरी काढून टाकावी असं वाचलं. काढू का?

बाई, हा प्रश्न विचारलात म्हणून तुमचं एक किट वाचलं.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत दिसणारं पहिलं किट निओ जिओचं आहे, एसएनके कंपनीचं, कॅसेट बदलायचं. त्यावरची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियमची बॅटरी आजच काढा. ती फुटते आणि तिच्यातला क्षार बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा खातो. हिरवट-पांढरं काही फुललेलं दिसतंय ते तेच. कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर घेऊन पुसा, मग पाण्यानं, मग अल्कोहोलनं. बॅटरीशिवाय गेम चालतो, सेटिंग आणि स्कोअर तेवढे लक्षात राहत नाहीत.

दुसरं, रंगीत प्लास्टिकच्या डब्यातलं, कॅपकॉमचं १९९३ नंतरचं सीपीएस दोन. त्याची बॅटरी काढलीत तर किट मेलं. गेमची नक्कल होऊ नये म्हणून कंपनीनं गेम कुलपात ठेवला आणि कुलपाची किल्ली अशा मेमरीत ठेवली की बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते. स्वतःच्याच गळ्यात फास बांधून बाजारात आणलेलं किट! बदलायची तर सगळं हाताशी ठेवून, जुनी काढल्यावर काही मिनिटांच्या आत नवी जोडावी लागते. हात बसलेला नसेल तर हे पहिलं काम म्हणून घेऊ नका. किल्ली गेलेल्या किटांत ती पुन्हा भरायची पद्धत आता निघालीय, पण तो उपाय आहे, परवानगी नव्हे.

आणि आयसींवर छोटे कागदी स्टिकर दिसतील, ते कितीही मळलेले असोत, सोलू नका. त्यांच्याखाली काचेची खिडकी असते. उन्हातल्या अतिनील किरणांनी आतला गेम हळूहळू पुसला जातो.

रंकाळा परिसर : पेटीच्या दोन्ही बाजूंना हातानं रंगवलेली चित्रं आहेत, वाकडीतिकडी. ती घासून काढून मूळ कंपनीच्या चित्राचे स्टिकर छापून लावतोय. थिनर चालेल ना? आणि वाळवी लागू नये म्हणून काय करू?

थांबा, थांबा. मूळ कंपनीचं चित्र तुमच्या पेटीवर कधीच नव्हतं. पेटी इथल्या सुतारानं केली, किट मुंबईहून आलं, आणि बाजू रंगवली कुठल्यातरी बोर्ड पेंटरनं, ज्यानं त्याच आठवड्यात एखाद्या दूध संस्थेची पाटी आणि ट्रकच्या मागचं गरुडही रंगवलं असेल. तुम्ही पाठवलेला फोटो मी भिंगानं बघितला. तो 'स्ट्रीट फायटर'मधला रियू आहे, १९९१ च्या दुसऱ्या भागातला. पण त्याच्या मांड्या बघा, मान बघा. तो जपानचा नाही, तो खासबागेच्या कुस्तीच्या मैदानात उतरणारा आहे! कान सुद्धा चुरगळलेले काढलेत. पेंटरनं पडद्यावर एवढासा बाहुला बघितला आणि उरलेला माणूस तालमीतून आणला. याला तुम्ही वाकडातिकडा म्हणताय.

थिनरचं नावही काढू नका. मी २००१ मध्ये एका पेटीवरची काजळी काढायला थिनर वापरला आणि दोन मिनिटांत एका ड्रॅगनचं डोकं आणि पेंटरची सही बोळ्यावर आली. सही कुणाची होती ते वाचायच्या आधीच. आजही ते आठवलं की हात चोळतो. कोमट पाणी, दोन थेंब साबण, सुती फडकं, आणि आधी खालच्या कोपऱ्यात करून बघायचं. रंग उतरला तर तिथंच थांबायचं. पापुद्रे निघालेल्या जागी लांबी (पुट्टी) भरा, पण त्यावर नवं चित्र काढू नका. जेवढा रंग आहे तेवढा राहू दे. वर पाण्यातल्या मॅट वार्निशचा पातळ हात दिला तर पुरे, तोही कोपऱ्यात आजमावून.

छापील स्टिकरची हौस असेलच, तर एका पातळ हार्डबोर्डवर लावा आणि तो बोर्ड स्क्रूनं बाजूला बसवा. पाहुणे गेले की काढता येतो. वाळवीबद्दल शेवटी विचारलंय: पेटी भिंतीपासून हातभर लांब ठेवा, पायाखाली रबरी बूट घाला, आणि मातीची नळी दिसली तर आधी भिंतीचा बंदोबस्त करा, पेटीचा नंतर.

कसबा बावड्याहून एक गृहिणी : भाऊ, यांनी हॉलमधला सोफा काढून तिथं गेमची पेटी ठेवलीय. मुलं अनवाणी खेळतात, पत्र्याच्या पॅनलला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणतात. हे म्हणतात, एवढं चालायचंच. धोका आहे का? आणि बिल किती येईल?

वहिनी, एवढं चालायचं नाही. मुलांना आजपासून लांब ठेवा.

झिणझिण्या येतात याचा अर्थ पेटीला अर्थिंग नाही. सप्लायच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यातले छोटे कंडेन्सर थोडा करंट पत्र्यावर सोडतात. तो जमिनीत जावा म्हणून तिसरी तार असते. तुमच्याकडं मागून दोनच तारांची वायर आली असेल, किंवा तीन पिनांच्या प्लगमधली तिसरी पिन नुसती शोभेची असेल. म्हणून तो करंट अनवाणी पोरांमधून जमिनीत जातो. आज झिणझिण्या आहेत. आत एखादी तार सुटून पत्र्याला चिकटली तर पूर्ण २३० व्होल्ट असतील. पार्लरांत पावसाळ्यात ओल्या पायांनी आलेली पोरं हात झटकायची आणि आम्ही हसायचो. हसायला नको होतं.

तीन तारांची जाड वायर टाकून घ्या. पत्र्याचं पॅनल, कॉइनचं दार आणि सप्लायचा डबा, तिघांना अर्थची तार स्क्रूनं घट्ट बांधायला सांगा. मग इलेक्ट्रिशियनला भिंतीतल्या सॉकेटला तरी खरं अर्थिंग आहे का ते मोजायला लावा, कारण जुन्या घरांत तिथंही भोकच असतं, तार नसते. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर तोही बसवून घ्या. तो पेटीपुरता नाही, गिझरलाही कामाला येतो.

बिलाची काळजी नको. ट्यूब, किट, दिवा सगळं धरून शंभर वॅटच्या आसपास, म्हणजे दहा तास खेळले तर एक युनिट.

तोवर मी करायचो तसं करा. वायर भिंतीतून काढून ठेवा, पक्कड घ्या, प्लग छाटा आणि तुमच्या मसाल्याच्या डब्यात ठेवून द्या. अर्थिंग झालं की त्यांना द्या. सोफा जागेवर आल्यावर दिलात तरी माझी हरकत नाही.